मशिन चांगलंय, तुमचा कचरा वाईट आहे

आज इअरफोन लावून कुठे निघालाय मला माहीत नाही, पण जाता जाता तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा नजर टाका. कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली झाकलेलं एखादं मोठं मशिन दिसतंय का? आमच्याकडे आहे. आणि ते तिथे आणण्यात माझाच हात आहे, म्हणून आजचा हा एपिसोड.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एक व्हिडिओ बघितला. वरून ओला कचरा टाका, बटण दाबा, खालून खत घ्या. मी इतकी भारावले की सोसायटीच्या मीटिंगमध्ये अक्षरशः प्रेझेंटेशन दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रत्येक फ्लॅटमागे तीन हजार रुपये काढले आणि मशिन आलं. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढले. दुसऱ्या महिन्यात वास सुटला. चौथ्या महिन्यात मशिन बंद पडलं.

टेक्निशियन आला, झाकण उघडलं आणि आतून एकेक वस्तू काढून फरशीवर मांडायला लागला. एक स्टीलचा चमचा. नारळाची अर्धी करवंटी. शांपूच्या पुड्या. आणि एक डायपर. मग तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मशिन चांगलंय. तुमचा कचरा वाईट आहे."

मला एवढा राग आला होता! नंतर वाचत गेले, लोकांशी बोलत गेले, तेव्हा कळलं की त्या माणसाने एका वाक्यात आपल्या देशाचा चाळीस वर्षांचा अनुभव सांगितला होता. तोच आज सांगते.

चला, १९८७ सालच्या दिल्लीत जाऊ. तिमारपूर नावाच्या भागात डेन्मार्कचं तंत्रज्ञान आणून एक प्लांट उभारला गेला. रोज तीनशे टन कचरा जाळायचा आणि वीज करायची. कल्पना झकास होती. युरोपात असे प्लांट चालत होतेच. दिल्लीतला हा प्लांट चाचणीच्या काळात साधारण तीन आठवडे चालला आणि थांबला, तो थांबलाच.

का? तर दिल्लीचा कचरा पेटेना! आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो. भाजीची देठं, उरलेला भात, फळांची सालं. त्यात माती आणि राडारोडा. ओलं लाकूड चुलीत घालून बघा, त्यातली बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. एक किलो कचरा जळल्यावर किती उष्णता देतो त्याला उष्मांक म्हणतात. त्या प्लांटला जेवढा उष्मांक लागत होता, त्याच्या निम्म्याच्या आसपास दिल्लीच्या कचऱ्यात होता. भट्टीत काही बिघाड नव्हता. भट्टीला जे खायला घातलं, ते तिला पचणारं नव्हतं.

थोडक्यात, आमच्या पार्किंगमधलं मशिन आणि दिल्लीचा तो प्लांट एकाच दुखण्याने गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग जमलंय कुठे? जमलंय. इंदूरला चला. होळकरांचं इंदूर, सराफ्यात रात्री खाऊगल्ली भरते ते इंदूर. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा प्लांट सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची. त्यातून रोज साधारण १७ हजार किलो गॅस आणि १०० टन खत निघावं असा हिशोब आहे.

हे चालतं कसं ते अगदी सोप्या शब्दांत सांगते. कचऱ्याचा लगदा करून मोठ्या बंद टाक्यांमध्ये सोडतात. आत हवा नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू तो लगदा खातात आणि गॅस सोडतात. त्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. बाकीचे वायू वेगळे काढून मिथेनचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर नेलं, दाबून भरला, की तो रिक्षा-बसमध्ये भरतात त्या सीएनजीसारखाच वापरता येतो. हाच मिथेन डंपिंग ग्राउंडवर कचऱ्याच्या ढिगातून आपोआप निघतच असतो. तिथे तो हवेत जातो, पृथ्वी तापवतो, आणि उन्हाळ्यात आगी लागतात त्याही त्याच्यामुळेच भडकतात. मुंबईतल्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग आठवतेय? तिचा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला होता.

पण माझा मुद्दा टाक्यांचा नाही. टाक्या पैसे दिले की मिळतात. इंदूरने टाक्यांच्या आधी दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली, घरोघरी कचरा वेगळा घ्यायचा. तोही गाडीतल्या वेगवेगळ्या कप्प्यांमध्ये, म्हणजे वेगळा घेतलेला पुढे एकत्र होणार नाही. ते जिवाणू आहेत ना, ते आपल्या पोटासारखेच आहेत. रोज वरण-भात मिळाला तर खूश. मध्येच प्लास्टिक, वाळू, फिनाइल आलं की त्यांचं पोट बिघडतं आणि गॅस बंद.

दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक. त्या गॅसचा मोठा वाटा शहराच्या बससाठी महापालिकाच घेणार, तोही बाजारभावापेक्षा थोडा स्वस्त, असा करार प्लांट उभा राहण्याआधीच झाला होता. आणि प्लांट चालवणारी कंपनी महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देणार.

हे जरा थांबून ऐका. साधारणपणे उलटं असतं. महापालिका कंपनीला टनामागे पैसे देते: 'बाबा रे, घेऊन जा आणि काहीतरी कर.' आता टनामागे पैसे मिळत असतील तर कंत्राटदाराला काय हवं असणार? वजन! ओला, चिखलाचा, सगळा एकत्र केलेला कचरा म्हणजे वजनच वजन. तुम्ही घरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होताना बघून चिडता ना? कधी कधी त्याचं कारण आळस नसतो, करारात वजनाचे पैसे लिहिलेले असतात. इंदूरच्या प्लांटमध्ये पैसे कचऱ्याच्या वजनाचे मिळत नाहीत, त्यातून निघणाऱ्या गॅसचे मिळतात. त्यामुळे कचरा स्वच्छ असण्यात कंपनीचाच फायदा आहे.

सरकारनेही गिऱ्हाईक तयार करायचा प्रयत्न केलाय. २०१८ मध्ये 'सतत' नावाची योजना आली. असा गॅस कोणी तयार केला तर तेल कंपन्यांनी ठरलेल्या दराने तो विकत घ्यायचा. खताचं मात्र अजून अवघड आहे. गॅस कुठेही विकला जातो. पण शहराच्या कचऱ्याचं खत घेताना शेतकरी विचारतो, 'यात काचा तर नाहीत ना?' आणि तो बरोबरच विचारतो. म्हणजे इथेही आपण पुन्हा तुमच्या-माझ्या ओट्यापाशी येऊन थांबतो.

बरं, आता सुका कचरा. यातली माझी गुरू कोणी प्रोफेसर नाही. आमच्याकडे पुण्यात कचरा गोळा करायला येणाऱ्या मावशी आहेत. त्यांनीच नको म्हटलंय, म्हणून नाव सांगत नाही. मशिन बंद पडल्यावर एका सकाळी मी त्यांच्याबरोबर खाली बसले. म्हटलं, मला शिकवा.

त्यांनी चार ढीग केले. पुठ्ठा आणि रद्दी एकीकडे. 'बिसलरी' एकीकडे. कुठल्याही कंपनीची असो, पाण्याची पारदर्शक बाटली म्हणजे बिसलरी. तिसरीकडे दुधाच्या पिशव्या आणि कडक प्लास्टिक. हे सगळं विकलं जातं. चौथ्या ढिगात चिप्सची पाकिटं, बिस्किटांचे कागद, पार्सलचे काळे डबे. मी विचारलं, "याचं काय?" मावशी हसल्या. "ताई, ह्याला कोण घेतंय? फुकट दिलं तरी भंगारवाला नको म्हणतो."

त्यामागचं शास्त्र मी नंतर शोधलं. चिप्सचं पाकीट वरून एक दिसतं, पण ते वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर आणि मध्ये धातूचा मुलामा असं एकमेकांना चिकटवलेलं असतं. चिप्स कुरकुरीत राहायला ते उत्तम. पण ते थर सुटे करणं म्हणजे खिचडीतून तांदूळ आणि डाळ वेगळी काढणं. काळ्या डब्याची गंमत आणखी वेगळी. मोठ्या केंद्रांमध्ये आता प्लास्टिक ओळखणारी मशिन असतात. पट्ट्यावरून कचरा जातो, वरून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडतो, तो कसा परत येतो त्यावरून हे कुठलं प्लास्टिक ते कळतं आणि हवेच्या फवाऱ्याने ते बाजूला उडवलं जातं. काळ्या रंगातलं कार्बन तो प्रकाश शोषून घेतं. मशिनला तो डबा दिसतच नाही! आपण बिर्याणी खाऊन धुवून ठेवलेला तो काळा डबा मावशींनाही नकोसा आणि लाखो रुपयांच्या मशिनलाही.

मग या चौथ्या ढिगाला गिऱ्हाईक कसं आणायचं? इथे खरा नवा बाजार सुरू होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने नियम केले की जी कंपनी प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकते, तिने ठरलेल्या प्रमाणात प्लास्टिकचा पुनर्वापर किंवा विल्हेवाट करून दाखवायची. स्वतः करा, नाहीतर ज्याने केलंय त्याच्याकडून प्रमाणपत्र विकत घ्या. म्हणजे ज्या पाकिटाला भंगारवाला शून्य रुपये देत होता, त्याच्यासाठी आता पाकीट बनवायला लावणाऱ्या कंपनीचा पैसा येऊ शकतो. कागदावर हे फार हुशार आहे. पण मंडळी, प्रमाणपत्र हा कागद आहे, आणि कागद छापता येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली तेव्हा मोजक्या कारखान्यांकडे मिळून सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रं सापडली. प्लास्टिक होतं तिथेच राहिलं, पुरावा मात्र विकला गेला.

काही लोक खरंच प्रयोग करतायत. पुण्यातल्या 'विदाउट' या ब्रँडने अशा पाकिटांपासून गॉगल बनवले, २०२३ मध्ये ते बरेच गाजले. दुसरा रस्ता पायरोलिसिसचा. हवा न देता प्लास्टिक चार-पाचशे अंशांपर्यंत तापवायचं, ते वितळतं, वाफ होतं, आणि वाफ थंड केली की तेल मिळतं. पण त्यात पीव्हीसी मिसळलेलं असेल तर आम्ल तयार होतं आणि यंत्राचे पाइप खाऊन टाकतं. पुन्हा तेच. आत काय गेलं?

आणि हे सगळं तेलाच्या भावावर नाचतं. कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं. मग कारखानदार म्हणतो, जुनं धुऊन-वितळवून कशाला वापरू? बिसलरीचा भाव पडतो. जगात कुठेतरी तेल घसरतं आणि त्याची झळ पुण्यात मावशींच्या पोत्याला लागते. त्यात कराची भर. प्लास्टिकच्या भंगारावर ५ टक्के जीएसटी होता, तो ऑक्टोबर २०२१ पासून १८ टक्के झाला. पक्कं बिल करणाऱ्याचा माल महाग, बिनबिलाचा स्वस्त. सरळ धंदा करणाऱ्यालाच त्रास.

आता जे कशातच बसत नाही, त्याचं काय? फाटक्या चपला, चिंध्या, मळलेले कागद, ती पाकिटं. हे वाळवून, चाळून, तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळतात. याला आरडीएफ म्हणतात, म्हणजे कचऱ्यापासून बनवलेलं इंधन. सिमेंटच्या भट्टीत माल १,४०० अंशांच्या वर तापतो, आणि राखही सिमेंटमध्येच मिसळून जाते, वेगळी पुरावी लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला, पुनर्वापर न होणारा कचरा जमिनीत पुरायचाच नाही. आणि अशा इंधनाच्या प्लांटपासून १०० किलोमीटरच्या आत असलेल्या कारखान्यांनी किमान ५ टक्के इंधन यातून घ्यायचं, असंही त्या नियमांत होतं. गोव्यात साळगावला चांगला चालणारा प्लांट आहे. तिथे ओल्याचा गॅस करून वीज करतात आणि सुक्यातला असा माल कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो. पण ट्रकभर हलकाफुलका माल घाट ओलांडून न्यायचा तर डिझेल लागतं. कित्येकदा इंधन विकणाराच वाहतुकीचा खर्च सोसतो. म्हणजे 'विकलं' म्हणायचं, पण पैसे खिशातून गेले! तरी पुरण्यापेक्षा ते परवडतं, हा हिशोब.

आता या गोष्टीतला जो भाग मला झोपू देत नाही, तो सांगते.

जाळायला चांगलं काय? कोरडा पुठ्ठा, कागद, प्लास्टिक. आणि मावशी विकतात काय? कोरडा पुठ्ठा, कागद, प्लास्टिक. कळलं? मोठी भट्टी उभी राहिली की तिला रोज इतके टन माल हवा असतो. मग शहर तो माल भट्टीला देतं, आणि ज्या बाईने तीस वर्षं तोच माल वेचून मुलं शिकवली, तिच्या हातातून तो जातो. कुठल्याच प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड नसते. माझ्याही नव्हती.

पुण्यात याला एक उत्तर उभं राहिलंय. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, कचरा वेचणाऱ्यांची संघटना. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. मालक कोण, तर कचरावेचकच. तीन हजारांहून जास्त सभासद, बहुतेक बायका. घरटी थोडे पैसे मिळतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे त्यांचे. आता नीट बघा, मघाशी इंदूरच्या प्लांटबद्दल जे म्हटलं तेच इथे आहे. वजनाचे पैसे नाहीत, चांगल्या मालाचे पैसे. म्हणून मावशी माझ्यावर ओरडतात: "ताई, दह्याचा डबा विसळून द्या की!" त्यांना पर्यावरणाचं भाषण कोणी दिलेलं नाही. डबा विसळलेला असला की भाव मिळतो.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत पुन्हा मीटिंग झाली. एका कंपनीची ऑफर आली होती. अ‍ॅप डाउनलोड करा, सुका कचरा आम्ही फुकट नेऊ, तुम्हाला पॉइंट मिळतील, कूपन मिळतील. कंपनीचं नाव घेत नाही, वाईट लोक असतील असंही नाही. सगळे खूश. मी उठले. लोकांना वाटलं, आली पुन्हा मशिनवाली! मी फक्त तीन प्रश्न विचारले. माल वेगळा कोण करणार? पुढे तो कोण विकत घेणार, नाव सांगा. आणि आत्ता त्या मालाचे पैसे ज्यांना मिळतात, त्यांना उद्या काय मिळणार?

पहिल्याचं उत्तर आलं, 'तुम्हीच.' दुसऱ्याचं, 'आमचे पार्टनर आहेत.' तिसऱ्याला कोणीच बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "पण ती बाई तर आपल्याकडे पंधरा वर्षं येतेय." विषय तिथेच संपला असं म्हणायला मला आवडलं असतं. संपला नाही. मतदान झालं, आणि दोन मतांनी आम्ही ठरवलं की सुका कचरा मावशींकडेच राहील. दोनच मतांनी, मंडळी. पुढच्या वर्षी पुन्हा ऑफर येईल.

ओल्या कचऱ्याचं विचाराल तर मागच्या बाजूला विटांचे तीन हौद बांधलेत. वर वाळलेला पालापाचोळा, खाली भाजीची देठं. मोटर नाही, बटण नाही. जिवाणू तेच आहेत, पगार मागत नाहीत. सॅनिटरी पॅडचं अजून पूर्ण जमलेलं नाही. पुण्यात त्यासाठी साधी पद्धत आहे, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे हाताळणाऱ्याला न उघडता कळतं. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं करतात. निम्मी करत नाहीत, आणि ते पुडकं कोणाच्या तरी हातात उघडतं.

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या जमिनीवर गेला. तिथल्या लोकांनी पाणी, वास, माश्या सोसल्या, कित्येकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्यांनी गाड्या अडवल्या की आपल्या कोपऱ्यावर ढीग दिसतात आणि आपण म्हणतो, शहर घाण झालं. अहो, घाण तीच असते. फक्त ती परत मालकाच्या दारात आलेली असते. आता जुने ढीग उकरून, चाळून, माती वेगळी आणि प्लास्टिक वेगळं करायची कामं देशभर चालू आहेत. एकट्या देवनारमध्ये १८५ लाख टनांच्या आसपास जुना कचरा आहे, आणि ते मैदान १९२७ पासून वापरात आहे. शंभर वर्षांत एकत्र केलेलं आता कोट्यवधी रुपये घालून वेगळं करायचं. घरात तेच काम दोन डब्यांत होतं.

तर उद्या कोणी तुम्हाला भन्नाट मशिनचा, अ‍ॅपचा, स्टार्टअपचा व्हिडिओ पाठवला तर हुरळून जा, मीही जाते! फक्त ते तीन प्रश्न विचारा. वेगळं कोण करणार, घेणार कोण, आणि पैसे कोणाला?

आणि हो, परवा मावशी पार्किंगमध्ये त्या निळ्या ताडपत्रीपाशी उभ्या होत्या. झाकण वाजवून बघितलं आणि मला म्हणाल्या, "ताई, हे कधी काढताय? आत सगळं स्टील आहे. चांगला भाव येईल."

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घातलंय मी.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर दह्याचा डबा विसळून द्या. आणि हे रेकॉर्डिंग तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना जरूर पाठवा!